ई२० मुळे जुन्या इंजेक्शन गाडीचं मिक्श्चर रिच करावं का?

जुनी_२३०ई: १९८४ ची मर्सिडीज २३०ई, वडिलांची गाडी. बॉशचं के-जेट्रॉनिक, म्हणजे कॉम्प्युटरशिवायचं जुनं पेट्रोल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर वगैरे काही नाही. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, भरायला लागल्यापासून आयडल वरखाली होतं, सिग्नलवरून उचलताना गचका देते, प्लग काढले तर पांढरेफटक. लीन चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. साध्या पेट्रोलला वजनाने एकास १४.७ हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त द्यायलाच लागणार, नव्या गाडीत ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करतो, आपल्याकडे मिक्श्चर रिच करायला, म्हणजे पेट्रोल वाढवायला, ३ एमएम ॲलन कीचा स्क्रू आहे. मग तो फिरवायला हरकत काय?

गॅरेजवाले_काका: हरकत आहे. आधी हवा कुठून ओढतेय ते बघा. या सिस्टीममध्ये हवेच्या वाटेत एक प्लेट असते, ती किती उचलली जाते त्यावर हवा मोजली जाते, प्लेटच्या पुढे कुठूनही हवा शिरली की ती मोजलीच जात नाही आणि गाडी लीन होते. चाळीस वर्षांचं रबर आहे, इंजेक्टरचे सील, प्लेटखालचा बूट, ऑइलचं झाकण सगळं तपासा. माझ्याकडे एक गाडी आली होती, तीन गॅरेजमध्ये स्क्रू फिरवून झालेला, मी फक्त चार इंजेक्टरचे सील बदलले तर सायलेन्सरमधून काळा धूर, इतकी रिच करून ठेवली होती!

सह्याद्री_ड्रायव्हर: काका मान्य, पण सील नवे टाकले तरी इथेनॉल जात नाही ना. मी फिरवलाय. इंजिन पूर्ण गरम करायचं, मूळ जागेची खूण करायची, ॲलन दाबून अगदी थोडा उजवीकडे, मग ॲलन बाहेर काढूनच रेस द्यायची, आत ठेवून दिली तर आतला आर्म वाकतो. पीयूसीवाल्याच्या मशीनवर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८ टक्के आला, जुन्या गाडीला ३ टक्के चालतो. गचका गेला.

गॅरेजवाले_काका: गचका गेला, घाटाचं काय? त्या स्क्रूचा परिणाम आयडलला जास्त, लोड वाढेल तसा कमी. ई२० चा लीनपणा मात्र सगळीकडे सारखाच. खंबाटकी चढताना इंजिन लीनच राहणार आणि तिथेच ते तापतं. कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लेटच्या उचलण्याला विरोध करणारं पेट्रोलचं प्रेशर, गेज लावून बघा, जास्त असेल तर ते ठरवणारा वॉर्म-अप रेग्युलेटर सेट करा, प्रेशर खाली आलं की पूर्ण रेंजमध्ये पेट्रोल वाढतं. मी आयुष्यभर हेच सांगत आलोय, गेज नसेल तर हात लावू नका.

सह्याद्री_ड्रायव्हर: गेज किती जणांकडे असतं काका? तोवर गाडी लीनच पळवायची का?

जुनी_२३०ई: आज सकाळी गाडी चालू ठेवून इंजेक्टरच्या बुडाशी कार्ब क्लीनर मारला. दुसऱ्यावर मारल्याबरोबर आवाज बदलला, आयडल क्षणभर सरळ झालं. सील दगडासारखे झालेत, चारही मागवले. काका, तुमचं ऐकलं. पण सील बसवून प्लग परत पांढरे आले तर स्क्रू मी फिरवणार, गेज एका मित्राकडून मिळतंय, तेही त्याच दिवशी लावतो.