आजीचा धपाटा आणि माझा आरडाओरडा

कोथरूडचा बाबा (प्रश्नकर्ता)

आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि तिसरीत शिकतो. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत तो माझ्या आईकडे असतो. गेल्या महिन्यात एके दिवशी त्याने भाकरी आणि मेथीची भाजी ताटासकट ढकलून दिली आणि 'मला नूडल्सच हवेत' असा हट्ट धरला, तेव्हा आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो फार जोराचा नव्हता. पण मुलाने रडत रडत तिला सुनावले की, 'आजी, मुलांना मारायचे नसते, आम्हाला शाळेत सांगितले आहे.' आई त्यावर काही बोलली नाही. रात्री मी घरी आल्यावर मात्र तिने मला एवढेच विचारले, "मी तुला मारायची, ते चुकीचे होते का रे?"

मला उत्तर देता आले नाही. माझा जन्म १९८६ चा. साताऱ्यातील एका वाड्यात आम्ही दोन काका, आजी-आजोबा आणि सहा चुलत भावंडे असे एकत्र वाढलो. आईचे धपाटे, काकांचे रट्टे, शाळेतील लाकडी पट्टी आणि उठाबशा हे सगळे मी भरपूर अनुभवले आहे, आणि तरीही माझ्या मनात आईविषयी कसलीही अढी नाही. माझ्या मुलावर मात्र मी आजवर हात उगारलेला नाही, आणि याचा मला थोडा अभिमानही वाटत असे.

'वाटत असे' म्हणण्याचे कारण असे की, या प्रसंगानंतर मी स्वतःकडे जरा बारकाईने पाहू लागलो. गृहपाठ राहिला की मी इतका ओरडतो की शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जावे. माझा आवाज चढला की मुलगा खांदे आवळून घेतो. आईने मारले तेव्हा तो रडला आणि अर्ध्या तासाने तिच्याच मांडीवर जाऊन झोपला.

दिवाळीच्या सुट्टीत तो पूर्ण दिवस आईजवळ राहणार आहे. जिने मला वाढवले तिला 'मारू नकोस' असे सांगताना तिच्या सगळ्या आयुष्यावर शेरा मारल्यासारखे होऊ नये, यासाठी कसे बोलावे? आणि मारणे सोडून ओरडणे धरले, तर आमच्या पिढीने खरोखर काही बदलले असे म्हणता येईल का?

नाशिककर

मला हा सगळा प्रश्नच अवाजवी वाटतो. आमच्या पिढीने घरी मार खाल्ला, शाळेत मार खाल्ला, आणि आमचे काहीही बिघडले नाही. धपाटा घालणाऱ्या आजीला मुलगा उलट कायदा शिकवतो, याची काळजी अधिक करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त गुरुजी, वाई

मी १९८२ ते २०१६ अशी चौतीस वर्षे सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमध्ये शिकवले, आणि 'आमचे काहीही बिघडले नाही' हे वाक्य त्या काळात इतक्या वेळा ऐकले की त्याविषयी आधी लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा पालक मुलाचे नाव घालायला येत आणि स्वतःहून सांगत, "गुरुजी, हयगय करू नका, चुकला तर हाणा." ओढ्याकाठची निरगुडीची फोक तोडून आणायला आम्ही वर्गातल्याच एखाद्या मुलाला पाठवत असू, आणि पुष्कळदा ती पहिल्यांदा त्याच्याच हातावर बसत असे. मीही छडी वापरली आहे. काही वर्षांपूर्वी एस.टी. स्टँडवर एक चाळिशीचा गृहस्थ माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "तुमच्या छडीमुळे घडलो." घरी येईपर्यंत मला बरे वाटत होते. नंतर त्याच वर्गातील, चौथीतच शाळा सोडून गेलेली मुले आठवू लागली. त्यांच्यापैकी कोणी कधी मला स्टँडवर भेटून पाया पडलेला नाही. ज्यांचे बिघडले नाही तेच येऊन सांगतात. ज्यांचे बिघडले ते सांगायला येत नाहीत. नाशिककर, आपल्याला दुखावण्यासाठी हे लिहीत नाही. मी स्वतः ही गोष्ट निवृत्त झाल्यावर समजलो.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले होते. त्यानंतर १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. आमच्या शिक्षक खोलीत तेव्हा एकच चर्चा होती की आता पोरे डोक्यावर बसणार. छडी थोड्याच वर्षांत दिसेनाशी झाली. टोमणे, सगळ्या वर्गासमोर 'ढ' म्हणणे आणि मुलाच्या बापाची गरिबी काढणे मात्र पुष्कळ दिवस चालू राहिले. गंमत म्हणजे त्याच कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही तेवढीच स्पष्ट मनाई आहे, आणि हा अर्धा भाग बहुतेकांनी वाचलाच नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे दिसते. तो कायदा शाळेपुरता आहे, घरातल्या आईवडिलांच्या चापटीला नेमकी मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही; पण ओरडण्याला मारण्याच्या शेजारी बसवण्याचा विचार कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच केला होता.

आणखी एक. आईशी बोलताना 'तुमच्या पिढीत' असा शब्दप्रयोग टाळावा, कारण तो खराही नाही. मुलांना धाक न दाखवता शिकवू पाहणारे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी गुजरातेत भावनगरला १९२० मध्ये लहान मुलांसाठी बालमंदिर काढले, त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि ताराबाईंनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांच्या अंगणात बालवाडी नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. जे मूल शाळेत येतच नाही त्याच्या अंगणात जाणाऱ्याला हातात छडी घेऊन जाता येत नाही. म्हणजे मुलाला न मारण्याचा विचार तुमच्या आईच्या जन्माआधीपासून आपल्या भागात होता, फक्त तो आमच्यासारख्यांच्या वर्गात पोचायला फार वेळ लागला.

श्टुटगार्टवासी

गुरुजींनी शाळेचे सांगितले, मी घरचे सांगते, कारण जर्मनीत २००० सालापासून घरातही मुलाला मारण्यास कायद्याने मनाई आहे. अहिंसक संगोपन हा मुलाचा हक्क असल्याचे इथल्या नागरी संहितेतच लिहिले आहे. स्वीडनने हे सर्वांत आधी, १९७९ मध्ये केले होते. आईवडिलांना तुरुंगात टाकण्याचा त्यामागे उद्देश नव्हता. भांडण किंवा ताण असलेल्या कुटुंबांना सल्ला आणि मदत देण्याची तरतूद त्याच वेळी केली गेली. इथले लोक मुळातच शांत स्वभावाचे आहेत असा समज करून घेऊ नये. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी वर्षांच्या एक आजी राहतात. त्या सांगतात की त्यांच्या लहानपणी घरोघरी लाकडी डाव आणि गालिचे झटकायचे वेताचे झटकणे हीच शिक्षेची हत्यारे होती. मला लगेच आमच्या कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातले उलथणे आठवले.

माझ्या सासूबाई दर दोन वर्षांनी तीन महिन्यांसाठी येतात. पहिल्या वेळी मी त्यांना स्वतः कायदा सांगितला, आणि ती माझी चूक होती. सुनेने सांगितलेला कायदा त्यांना घरात उभ्या केलेल्या पोलिसासारखा वाटला, आणि त्यांनी आठवडाभर नातवंडांना जवळसुद्धा घेतले नाही. दुसऱ्या वेळी त्या येण्यापूर्वीच माझ्या नवऱ्याने फोनवर त्यांना सांगितले, "आई, मुले फार त्रास द्यायला लागली तर तू सरळ खोलीतून बाहेर ये आणि मला हाक मार, पुढचे मी बघतो." यात मनाई होती, पण तिच्याआधी मदत होती. तुमच्याकडे अडचण अशी की दुपारी चार वाजता हाक मारायला तुम्ही घरात नसता. तेव्हा निदान फोन करण्याची मुभा आईंना द्या आणि तो फोन बैठकीत असतानाही उचला.

इथे आल्यावर मला जाणवले की माझ्या लहानपणी आई रागावली की काकू येऊन मला उचलून न्यायची. इथे माझा राग चढतो तेव्हा मला अडवायला कोणी नसते. आम्ही दोघांनी एक शब्द ठरवला आहे. एकाने तो उच्चारला की दुसऱ्याने मुलाजवळून उठून जायचे. हा उपाय दहापैकी सहा वेळा चालतो.

सांगलीची आजी

प्रश्न विचारणारे माझ्या मुलापेक्षाही लहान आहेत, तरी अनोळखी म्हणून 'तुम्ही' म्हणते.

माझे लग्न १९७५ मध्ये झाले. घरात चौदा माणसे होती. आता सगळे एकत्र कुटुंबाचे कौतुक करतात, म्हणून त्यातली न सांगितली जाणारी बाजू लिहिते. सासू-सासऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला कडेवर घेऊन लाड करणे आम्हाला शोभत नसे. माझ्या यजमानांनी त्यांच्या वडिलांसमोर आमच्या थोरल्याला कधी उचलून घेतलेले मला आठवत नाही. मुलाने खोडी काढली की सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळत, 'हेच का वळण लावलेस' असे त्या नजरेत असे, आणि मग मी मुलाला मारत असे. त्यातले कितीतरी धपाटे मुलाच्या चुकीसाठी नव्हते. मला दिवसभर जे ऐकून घ्यावे लागे ते मी त्याच्या पाठीवर उतरवत असे. मुलीला मार कमी मिळाला, कारण तिला आठव्या वर्षीच भांडी आणि केर यांना जुंपले होते. तिला खोड्या करायला वेळच नव्हता. हे सगळे मला तेव्हा कळत होते असे नाही. कोणी विचारले असते तर 'शिस्त लावते' असेच मी सांगितले असते.

म्हणून तुमच्या आईने विचारलेला प्रश्न मला निराळा ऐकू येतो. इतक्या वर्षांनी तिने तो स्वतःहून विचारला, हे लहान काम नाही. त्याला 'होय' किंवा 'नाही' असा निकाल देऊ नका. तिला विचारा की त्या काळी तिचे दिवस कसे जात होते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते सांगते. वर धपाट्याविषयी सगळ्यांनी लिहिले. ढकललेल्या ताटाविषयी एकानेही लिहिले नाही. तुमच्या आईने दुपारी तव्यासमोर उभे राहून भाकऱ्या थापल्या, भाजी निवडून केली, आणि आठ वर्षांच्या मुलाने ते ताट ढकलले. तो मार चुकीचा होता हे मी मान्य करते. पण त्या संध्याकाळी तुम्ही किंवा तुमच्या पत्नीने मुलाला 'आजीचे ताट ढकलायचे नाही' असे सांगितले का? सांडलेले त्याच्याकडून उचलून घेतले का? तिचा हात तुम्ही अडवणार असाल, तर तिच्या वतीने बोलणारे तोंड तुमचे असले पाहिजे. नाहीतर तिने नुसतेच गप्प बसावे, असा त्याचा अर्थ होतो. नाशिककरांचा राग मला पटत नाही, तरी त्यामागे ही एक खरी गोष्ट दडलेली आहे.

कोथरूडचा बाबा (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या काकूंचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो, कारण त्यांच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे होते. त्या संध्याकाळी आम्ही मुलाला जवळ घेतले, समजावले आणि नूडल्स करून दिले. सांडलेली भाजी आईनेच पुसली होती.

परवा रविवारी मी आईजवळ बसलो आणि तिला वाड्यातल्या दिवसांविषयी विचारले. ती तासभर बोलली. माझ्या जन्मानंतर दोन वर्षे तिला माहेरी जाऊ दिले नव्हते, हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळले. मग मी तिला सांगितले की माराविषयी माझा तिच्यावर राग नाही, पण आता घरात कोणीच मारू नये असे मला वाटते आणि तो अडून बसला तर तिने मला केव्हाही फोन करावा. 'चुकले' असे ती म्हणाली नाही, आणि मीही ते तिच्याकडून वदवून घेतले नाही. तिने फक्त अट घातली की तिचा हात बंद, तर माझे ओरडणेही बंद. मुलाला आम्ही दोघांनी मिळून ताटाविषयी सांगितले. आता तो स्वतःचे ताट स्वतः वाढून घेतो आणि वाढून घेतलेले संपवतो. मेथी तो अगदी चमचाभरच घेतो.

माझी बाजू मात्र मला लगेच पाळता आली नाही. काल पाढ्यांवरून माझा आवाज पुन्हा चढला. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर आली, मला एक शब्दही न बोलता तिने नातवाचा हात धरला आणि त्याला गॅलरीत घेऊन गेली. त्याच्या बाहीवर पिठाची बोटे उमटली होती.