अनुभव धागा: कॅथलिक शाळेचं दफ्तर, घंटा आणि मैदान

वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस 1863 ची, माझगावची सेंट मेरीज 1864 ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स 1867 ची, धोबीतलावची सेंट झेवियर्स 1869 ची. या शाळांच्या आणि वसईतल्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळांच्या स्मरणिका निघतात, पण त्यांत शुभेच्छाच जास्त असतात. अशा शाळांत ज्यांनी कार्यालय, वर्ग किंवा मैदान सांभाळलं आहे त्यांनी इथे कामाची पद्धत, आकडे आणि नेमकं कुठे चुकतं ते लिहावं. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

शाळेच्या इतिहासावर काम केलेले

चार शाळा सहा-सात वर्षांत उभ्या राहिल्या, त्यामागे दोन गोष्टी आहेत. 1854 ते 1858 या काळात मुंबई मिशन (इथल्या कॅथलिक चर्चचं काम) कॅपुचिन संघाच्या फादरांकडून जर्मन जेझुइट (येशूसंघी) फादरांकडे आलं. आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, म्हणजे इंग्रजी शाळेला मॅट्रिकचं ठोस लक्ष्य मिळालं. स्मरणिकेत पहिली गोष्ट येते, दुसरी राहून जाते.

कागद शोधायला निघण्याआधी एक प्रश्न विचारा: शाळा त्या वेळी कोणाच्या अधिकारात होती? 1928 पर्यंत मुंबईत दोन समांतर चर्चसत्ता होत्या. पाद्रोआदो म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाची, प्रोपगंडा म्हणजे थेट रोमची. वसई आणि साष्टीतली बरीच पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दी) 1886 पासून दमणच्या धर्मप्रांतात, म्हणजे पाद्रोआदोच्या बिशपकडे होती, तर जेझुइटांच्या शाळा प्रोपगंडाकडे. एकाच गावात चर्च एका सत्तेचं आणि शाळा दुसऱ्या सत्तेची असू शकते. नुसतं आर्चबिशप हाउसला पत्र टाकून 'काही सापडलं नाही' म्हणणारे इथेच अडकतात. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1998 चा, त्यामुळे त्याआधीचे कागद तिथेच असतील असं गृहीत धरू नका. 'एक्झामिनर' हे साप्ताहिक 1850 पासून निघतंय. त्याचे जुने अंक वर्षवार चाळणं कंटाळवाणं आहे, पण शाळांच्या बातम्या मिळतात.

पहिल्या महायुद्धाचा खंड जरूर नोंदवा. 1914 नंतर जर्मन फादरांना नजरकैदेत ठेवलं, पुढे मायदेशी पाठवलं. स्पॅनिश जेझुइटांनी मिशन हाती घेतलं ते 1922 मध्ये. मधल्या वर्षांत शिक्षकांची नावं भराभर बदललेली दिसली तर ती नोंदीतली चूक समजून 'दुरुस्त' करू नका.

हस्ताक्षराचंही एक सांगतो. जर्मन वळणाच्या 1 ला वर चढणारी लांब रेघ असते, तो आपल्याला 7 वाटतो. त्यांचा खरा 7 मध्ये आडवी रेघ घेऊन येतो. एका पानावरचे आठ-दहा आकडे शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय साल ठरवू नये.

निवृत्त लिपिक, वसई

वरच्या सरांच्या मुद्द्याला जोडून जनरल रजिस्टरबद्दल (जी.आर., म्हणजे प्रवेशाची मूळ नोंदवही) लिहितो, कारण दाखल्यासाठी येणाऱ्यांची सगळी अडचण तिथेच असते. जी.आर. नंबर माहीत असेल तर नोंद पाच मिनिटांत निघते. नसेल तर प्रवेशाचं साल, वडिलांचं नाव आणि गाव, या क्रमाने शोधा. आडनावाने शोधायला बसलात तर दिवस जातो, कारण एकाच घरातली भावंडं डिसोझा, डिसोजा आणि डिसूझा अशी तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात. नावाचंही तेच. बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदीत इग्नासियुस, शाळेत इग्नेशियस आणि घरी इनास, हा एकच माणूस असू शकतो.

जन्मतारखेत दोन चुका नेहमीच्या. पहिली म्हणजे बाप्तिस्म्याची तारीखच जन्मतारीख म्हणून उतरवलेली असणं. लॅटिन नोंदीत 'नातुस' किंवा 'नाता' या शब्दाजवळची तारीख जन्माची, 'बाप्तिझातुस' किंवा 'बाप्तिझाता' जवळची बाप्तिस्म्याची. दुसरी चूक जास्त फसवी आहे. जुन्या लॅटिन व पोर्तुगीज नोंदींत महिना '7ब्रिस' किंवा '7ब्रो' असा लिहिलेला असतो. तो जुलै नव्हे, सप्टेंबर. सेप्टेम म्हणजे सात, म्हणून 7. तसंच 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचं चिन्ह म्हणजे डिसेंबर. हे माहीत नसलेल्याने उतरवून घेतलेला जन्म सरळ दोन महिने आधीचा होतो.

चूक सापडली तरी रजिस्टरमध्ये पेन चालवायचं नाही. विद्यार्थी शाळा सोडून गेला असेल तर मुख्याध्यापकही शिक्षण विभागाच्या मंजुरीशिवाय नोंद बदलू शकत नाहीत. पालकांना हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं, म्हणजे हेलपाटे वाचतात.

कॅटेकिझम शिकवणाऱ्या बाई

बाहेरच्यांना वाटतं सगळ्या मुलांना बायबल शिकवतात. तसं नसतं. कॅथलिक मुलांना कॅटेकिझम, म्हणजे त्यांचं धर्मशिक्षण, आणि त्याच तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण, ज्याला जुने लोक मॉरल सायन्स म्हणतात. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, ही राज्यघटनेच्या 28(3) कलमातली तरतूद आहे.

अवघड असतं ते वेळापत्रक. समजा सातवीच्या तीन तुकड्यांत कॅथलिक मुलं 12, 9 आणि 14 आहेत. तिन्ही तुकड्यांचा हा तास एकाच वेळी ठेवला तर 35 मुलांचा एक वर्ग होतो आणि एक शिक्षिका पुरते. तास वेगवेगळे ठेवले की तिचे तीन तास जातात, आणि उरलेल्या मुलांना 'तोवर गप्प बसा' म्हणून सोडून दिलं जातं. तो त्यांच्यावर अन्याय आहे. खोल्या बदलण्यात चार-पाच मिनिटं जातात, म्हणून हा तास असेंब्लीला किंवा मोठ्या सुट्टीला लागून घ्या. तेव्हा मुलं उठलेलीच असतात. हजेरी मूळ वर्गातच, निघण्यापूर्वी. नाहीतर एखादं मूल दोन्ही खोल्यांत नसतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

पी.टी. सर

चार हाउस (मुलांचे गट) म्हणजे चार लेन, निदान स्पोर्ट्स डेच्या शर्यतींना. 200 मीटरच्या ट्रॅकचं माप देतो. दोन सरळ बाजू 50-50 मीटर, आतल्या रेघेची त्रिज्या 15.72 मीटर, लेनची रुंदी 1.22 मीटर. चार लेनसाठी साधारण 91 बाय 41 मीटर जागा हवी, शिवाय कडेला मोकळं अंतर. मुंबईत एवढं मैदान क्वचित असतं, मग सरळ धावण्याच्या शर्यतीच घ्याव्यात. वळणावर मुलं भिंतीकडे धावतील असा ट्रॅक आखू नये.

एका फेरीसाठी सुरुवातीच्या रेघा पुढे सरकवायच्या: दुसरी लेन 7.67, तिसरी 15.33, चौथी 23 मीटर. छापील तक्त्यांत दुसऱ्या लेनला 7.04 दिसतं आणि तेच उतरवलं जातं. तो आकडा आत उंच कठडा असलेल्या स्टेडियमचा. तिथे पहिल्या लेनचं अंतर कठड्यापासून 30 सेंटिमीटरवर मोजतात. आपल्याकडे नुसती फक्कीची रेघ, म्हणून सगळ्याच लेन आपापल्या आतल्या रेघेपासून 20 सेंटिमीटरवर मोजायच्या. 7.04 घेतलं तर पहिली लेन सोडून बाकीची तिन्ही मुलं प्रत्येकी 63 सेंटिमीटर जादा धावतात.

वळण आखायला काथ्या किंवा सुती दोरी नको, ताणली की लांबते. तार किंवा स्टीलची टेप वापरा. फक्कीला कळीचा चुना नको, घामेजल्या पायांना भाजतो. खडूची पूड घ्या.

माजी प्रीफेक्ट-इन्चार्ज

घंटेबद्दल कोणी लिहिलं नाही. बऱ्याच जेझुइट शाळांत सुट्टी संपताना दोन घंटा होतात. पहिलीला असेल तिथे थांबायचं, हातातला चेंडू धरून उभं राहायचं. दुसरीला ओळीत. दोन्हींमध्ये अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला की थांबलेली मुलं परत पळायला लागतात.

स्मरणिका समिती

फोटोमागे नुसतं 'फीस्ट डे' लिहिलेलं असेल तर महिना ठरवायला सण बघा. संत इग्नेशियस 31 जुलै, संत फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर, वसईचे संत गोन्सालो गार्सिया फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. ओलं अंगण आणि छत्र्या दिसल्या तर तो जुलै.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीत 1975 साठी दोन रकाने ठेवा. त्या वर्षी जुन्या पद्धतीची अकरावी आणि नव्या पद्धतीची दहावी, दोन्ही एस.एस.सी. झाल्या. एकच रकाना ठेवलात तर एक आख्खी बॅच दुसरीत मिसळते.