अनुभव धागा: काम बदललं, तुम्ही काय केलंत?

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि 'आता आपलं काय?' हा प्रश्न ऑफिसाऑफिसांत ऐकू येऊ लागला. बदल काही तेव्हाच सुरू झाले नव्हते. तुमच्या कामात काय पालटलं, त्यात पाय कसे रोवलेत, ते लिहा. 'सतत शिकत राहा' एवढ्यावर थांबू नका. काय शिकलात, कोणाकडून, उपयोग कुठे झाला, हे हवंय.

लेखा विभाग

हाताने वह्या लिहिण्यापासून सुरुवात केली, मग एक्सेल आलं, आता बँकेच्या नोंदी सॉफ्टवेअर आपोआप जुळवतं. ते आलं तेव्हा कुठलं बटण कशाचं हे शिकलेच, पण त्याहून जास्त वेळ ते नोंद कशाच्या आधारावर जुळवतं हे समजून घ्यायला दिला. आमच्याकडे आधार होता रक्कम आणि तारीख, बस्स. म्हणजे एकाच दिवशी दोन ग्राहकांकडून सारखीच रक्कम आली, तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडू शकतात. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींचा ताळा, तर बरोबर जुळते! चूक कळते ती ग्राहकाचा फोन आल्यावर. म्हणून महिनाअखेरीला सारख्या रकमांची यादी वेगळी काढून बिल क्रमांकाशी ताडते. आता अख्खा विभाग तसंच करतो.

जुनं ज्ञानही कामी येतं. फरकाला नऊने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झालीय का ते आधी बघायचं: १८२०चे १२८० झाले की फरक ५४०. नव्या मुलांना हे दाखवलं, त्यांनी मला पिव्हट टेबल, म्हणजे एक्सेलमध्ये नोंदींचा गोषवारा काढायची सोय, शिकवलं.

पुस्तकांची मांडणी

ताई, 'कशाच्या आधारावर' हे अगदी पटलं. माझा हात पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर बसलेला, मजकूर सगळा जुन्या फाँटात. युनिकोडकडे, म्हणजे अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीकडे, वळायची वेळ आली तेव्हा सगळे म्हणाले, कन्व्हर्टर आहे की. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. साध्या शब्दांत निभावतं, जोडाक्षर आलं की गडबड. 'स्थिर', 'कार्यकर्त्यांनी' अशा शब्दांची मी यादीच केलीय. रूपांतर झालं की आधी तेच शोधतो. जुनी पुस्तकं ईबुक करायची म्हटलं की आता काम माझ्याकडे येतं.

ग्राहक सेवा

मला थोडं वेगळं मांडायचंय. चॅटबॉट आल्यावर पासवर्ड, पत्ताबदल असले सोपे प्रश्न त्याच्याकडे गेले. आमच्यापर्यंत पोचतो तो माणूस आधीच वैतागलेला असतो आणि प्रश्नही गुंतागुंतीचा. फोन लांबतो, पण मोजमाप जुनंच: तासाला किती फोन घेतले. नुसतं शिकून हे कसं सुटणार? आम्ही काहीजणींनी प्रत्येक फोनपुढे एक ओळ लिहायला सुरुवात केली: बॉटने काय सांगितलं होतं आणि गाडी कुठे अडली. ती नोंद साहेबांपुढे ठेवली. त्यांनी निकष बदलला; त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन आला का, हे आता पाहतात. बॉटची उत्तरं सुधारणाऱ्या गटातही आमच्यातली एकजण आहे. एकेकटीने मागितलं असतं तर हे झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

गोदाम

हातातले स्कॅनर आले, शिकलो, झालं. अडचण शिकण्याची नव्हतीच, वेळेची होती. प्रशिक्षण ठेवलं पाळी संपल्यावर. घरी लहान मूल असलेल्यांना थांबता येईना, आणि बढतीच्या वेळी नेमके तेच मागे पडले. याचा मला फार त्रास झाला, कारण त्यातले काही आमच्यातले सगळ्यात जाणकार होते. पाठपुरावा करून प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणलंय. रात्रपाळीचं मात्र अजून बाकी आहे, त्या वेळी शिकवायला कोणी थांबत नाही. तुमच्याकडे यावर तोडगा निघाला असेल तर सविस्तर लिहा, पुढच्या बैठकीत मांडायचाय.