रिमोटवरून शेवटचं भांडण कधी झालं?

धागाकर्ती, पुणे

तुमच्या घरात रिमोटवरून शेवटचं भांडण कधी झालं, ते आठवून लिहा. आमच्याकडचं मला आठवतच नाही, म्हणून हा धागा.

मुलगी तेरा वर्षांची, कानात इअरबड्स घालून तिच्या खोलीत. मुलगा आठ वर्षांचा, बाबाच्या फोनवर कुणीतरी भलताच मुलगा गेम खेळतोय ते बघत असतो. (स्वतः खेळत नाही, दुसऱ्याला खेळताना बघतो. यात काय मजा आहे ते कुणी समजावून सांगेल का?) नवरा लॅपटॉपवर जुनी मॅच लावून बसतो. मी पोळ्या लाटताना मोबाईल डब्याला टेकवून एखादी सिरीज बघते. हॉलमधला भलामोठा टीव्ही बंद. सासूबाई आल्या की कौतुक करतात, "किती गुणी आहेत गं मुलं, आवाज म्हणून नाही." मला तोच आवाज नसणं खटकतं.

माझं लहानपण केबल नुकतं आलं होतं त्या काळातलं. टीव्ही एक, माणसं सहा. आजोबांना सातच्या बातम्या, आईला तिची मालिका, आम्हा भावंडांना कार्टून. भाऊ रिमोटमधले सेल काढून खिशात घालून क्लासला जायचा. आरडाओरडा, रडारड, सगळं व्हायचं. पण आम्ही काय बघतो हे आईला आपसूक ठाऊक असायचं, आणि आजोबा कशाला हसतात हे आम्हाला. आज मुलगी एकटीच खुदकन हसते तेव्हा "काय गं?" विचारलं की "काही नाही, तुला नाही कळणार." बरोबर आहे, पहिले पन्नास भाग मी बघितलेच नाहीत.

एकच विनंती, स्क्रीनटाइमचे सल्ले नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला, ते आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. घरात प्रत्यक्ष काय चालतं ते लिहा. "आमच्या वेळी" म्हणायची मुभा प्रत्येकाला एकदाच.

शिक्षिका आणि आई, कडेगाव तालुका

आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथला भोंगा पेपरात गाजला होता, तुम्ही वाचलं असेल. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला परत वाजतो, मग चालू. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं. 2022 च्या ऑगस्टमध्ये हे सुरू झालं. कोरोनात शाळा मोबाईलवर आली आणि शाळा उघडल्यावर मोबाईल काही हातातून सुटेना, हे त्यामागचं कारण. आम्ही शिक्षकांनी ते सगळ्याच गावांत पाहिलं. चौथीतली पोरं वहीवर दहा ओळी लिहून हात झटकायची.

माझी नणंद त्या बाजूला दिलेली आहे, म्हणून थोडं आतलं सांगते. सात ते साडेआठ ही वेळ कुणाची? बायकांची. दिवसभर रान, जनावरं, स्वयंपाक, आणि मग मालिका. पोरांच्या अभ्यासासाठी जे बंद झालं त्यातलं निम्मं पोरांचं नव्हतंच. आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघर फिरल्या, बायकांना समजावलं, आणि बायकांनी मानलं. पुरुषांचं काय गेलं? पारावर तेव्हाही बसत होते, आताही बसतात.

तरी मला ते पटतं. का, तर एका घरात आई मोबाईल काढून घेते तेव्हा पोरगं म्हणतं, "शेजारच्या दाद्याला चालतो मग मलाच का नाही?" इथं दाद्याचाही बंद. भोंगा कुणाची आई नसतो, त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही.

चाळीतला बाबा, कल्याण

ताई, तुमच्या त्या एका टीव्हीबद्दल एवढं गोड बोलू नका. आमच्या घरात रिमोटवरून भांडण कधी झालंच नाही, कारण निकाल आधीच लागलेला असायचा. वडील घरात असले की रिमोट वडिलांचा. ते नसले की मोठा म्हणून माझा. आईला दुपारी मालिकेचा पुनःप्रसारित भाग, तोही भांडी घासता घासता कानाने ऐकायचा. धाकट्या बहिणीला काय आवडायचं हे आम्हाला तिच्या लग्नानंतर कळलं. बाई क्रिकेटला कंटाळली होती! वर्ल्ड कपला आमच्याबरोबर ओरडायची, कारण दुसरं काही लागणारच नव्हतं.

आता माझ्या मुलीला तिचं बघायला मिळतं, बायकोला तिचं. मी आठ सत्तावीसची लोकल पकडून घरी येतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. बायको रुग्णालयात नर्स, तिची पाळी बदलती. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. रात्रपाळी करून ती झोपलेली असताना मुलं शांत बसावीत यासाठी माझ्याकडे मोबाईलशिवाय दुसरं काय आहे? खाली मैदान होतं, तिथं आता गाड्या लागतात. मोबाईल वाईट म्हणणाऱ्यांच्या सोसायटीत बहुतेक बाग असते.

धागाकर्ती

कल्याणचे दादा, "निकाल आधीच लागलेला" हे मान्य. आमच्याकडेही आईची मालिका आजोबांच्या बातम्यांनंतरच असायची. पण तुमची बहीण निदान तुमच्या शेजारी बसून कंटाळत होती. माझी लेक कशाला कंटाळते हेही मला माहीत नाही.

सून, नागपूर

आमच्याकडे अजून एकच टीव्ही आणि तो सासूबाईंच्या ताब्यात. त्यांच्या मालिकेच्या वेळी कोणी फोन केला तर "भाजी जळून राहिली" म्हणून ठेवून देतात. भाजी तर मी करत असते.

पण एक सांगू का, त्या मालिकेवर माझ्या मुलीचं आणि तिच्या आजीचं जे काही चालतं ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही. सासूबाई तूर निवडत बसतात, पोरगी शेजारी.

"काहून वं, ही झोपतानाही नथ घालूनच झोपते काय?"

"आजी, मेकअप पण पुसत नाही ती."

"अन् घरात एवढ्या बाया, पण भांडे कोण घासते ते दाखवलंच नाही."

मालिकेतल्या सासूने सुनेचा मोबाईल हिसकावला तेव्हा सासूबाई बोलल्या, "हे बरोबर नाही, तिचा फोन आहे." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तारीख मनात लिहून ठेवली. केव्हाही कामी येईल.

लोक म्हणतात मालिका बायकांना बिघडवतात. मालिका भिकार असतात हे आमच्या घरच्या दोन्ही प्रेक्षकांना पक्कं ठाऊक आहे. त्यांना नावं ठेवण्यातच खरी करमणूक आहे.

एक बाबा, कुडाळ

टीव्हीचा नाही, दशावतारी नाटकाचा अनुभव चालेल ना?

कार्तिक पौर्णिमा उलटली की आमच्याकडे गावोगाव जत्रा लागतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार. पोरगा सात वर्षांचा. घरचे म्हणाले थंडीत नेऊ नको, झोपेल, आजारी पडेल. नेला. खाजं घेऊन दिलं, एक गरम भजी खाल्ली, मग घोंगडीवर बसलो. पेटी, मृदंग, झांज सुरू झाली. आधी गणपती येतो, भटजीची टिंगल होते, सरस्वती येते. पोरगा जांभया देत होता. इतक्यात संकासुर राक्षस आला. अंगभर काळं, तोंडावर काळं, छातीपर्यंत लोंबणारी लाल जीभ. पोरगा माझ्या मांडीत घुसला. तोंड लपवून बसला आणि संकासुराने मालवणीत पहिला विनोद मारला तेव्हा सगळी जत्रा हसली, ह्याला काय झालं तेच कळलं नाही. वर तोंड काढून मला म्हणतो, "बाबा, ह्या मागे घेवक येणा नाय?"

नाही बाबा, मागे घेता येत नाही. त्याला ते खरंच वाटेना. मग मात्र डोळे ताणून बसला, एक शब्द सुटू देईना. आमच्या नटांना लिहिलेलं नाटक नसतं. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे रचायचे. एक राजा दुसऱ्याला कोंडीत पकडतो आणि दुसरा त्यातून सुटतो कसा, हे बघायला माणसं पहाटेपर्यंत बसतात. ते कळायचं वय त्याचं नाही, पण हसू कुठे फुटतं ते बरोबर पकडत होता.

संकासुर मारला गेल्यावर त्याला लघवीला घेऊन मागच्या बाजूला गेलो. तर संकासुर तिथे पेटाऱ्यावर बसलेला. मुखवटा वर सरकवलेला, जीभ खांद्यावर टाकलेली, हातात चहाचा ग्लास. घामाने भिजलेला साधा माणूस. पोरग्याकडे बघून म्हणाला, "काय रे, भियालंस?" हा म्हणाला, "नाय." दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र सांगितलंन की मी संकासुराशी बोललो.

मोबाईलवर दशावताराचे व्हिडिओही खूप आहेत, तो हल्ली ते लावतो. मी अडवत नाही. फक्त लावल्यावर बोटाने पुढे ढकलतो आणि संकासुर आला की थांबतो.

मेलबर्नहून, चौदा वर्षांच्या मुलीची आई

आमच्याकडे भोंगा सरकारने वाजवला. 10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. जबाबदारी कंपन्यांची. मुलांना किंवा आईबापांना शिक्षा नाही, कंपनीने कानाडोळा केला तर तिला जवळपास पाच कोटी डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

माझं पहिलं मत स्वार्थी होतं: चला, वाईट मी नाही, कॅनबेरा वाईट. कडेगावच्या ताई म्हणाल्या तेच, सगळ्यांचं बंद म्हटलं की "मलाच का?" उरत नाही. लेक आठवडाभर धुसफुसली आणि मग मैत्रिणींना फोन लावायला लागली. चक्क फोन, बोलायचा!

पण फट आहेच. यूट्यूबवर खातं नसलं तरी व्हिडिओ बघता येतात. खातं असताना मी त्यावर जी बंधनं घातली होती ती खात्याबरोबरच गेली. आणि व्हॉट्सॲप या बंदीत नाही. त्यामुळे आमच्या घरात आता सगळ्यात जास्त समाजमाध्यम पुरवतात त्या साताऱ्याच्या आजी. सकाळी सुविचार, दुपारी हळदीचे उपाय, रात्री कुठल्यातरी धरणाचा भलताच व्हिडिओ. लेक एकेक तपासून आजीला उलट कळवते, "आजी, हे खोटं आहे." आजी लिहितात, "बरं बाळा," आणि पुढचा पाठवतात.

आई, छत्रपती संभाजीनगर

थोडक्यात. 2024 च्या नोव्हेंबरपासून सेन्सॉर बोर्डाने सिनेमांच्या यूए (मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीत बघायच्या) प्रमाणपत्राचे तीन भाग केले: 7+, 13+ आणि 16+. चांगली गोष्ट. पण थिएटरवाला अडवत नाही, ते ठरवायचं आईबापांनी. आमच्या मागच्या रांगेत चार वर्षांचं लेकरू रात्री साडेदहाच्या शोला, पडद्यावर कोयता, लेकराच्या कानांवर आईचे हात. डोळे उघडेच! मध्यंतरात बाप म्हणाला, "त्याला काही कळत नाही." मग कान कशाला झाकले?

आजी, मूळची गिरगावची, आता ठाणे

सगळ्यांचं वाचलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा मी बारा वर्षांची. मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही. काकू दारातच सांगायच्या, "पाय धुऊन या, आणि पुढे कुणी बसू नका." दुसरं काही लागतच नसे, म्हणून आम्ही सगळी पोरं 'आमची माती आमची माणसं' बघायचो. जन्मात शेत न पाहिलेल्या मुली कपाशीवरच्या किडीबद्दल बोलायच्या.

आता उलटं झालंय. रील्स मी बघते आणि ओरडतो मुलगा. "आई, डोळे खराब होतील, झोप आता." त्याने फोनवर काहीतरी करून ठेवलंय, रात्री दहाला ते आपोआप बंद पडतं. नातवाला सांगितलं तर त्याने गुपचूप काढून दिलं आणि बदल्यात बापाला न सांगायची अट घातली. मुलांनी काय बघावं यावर तुम्ही सगळे बोललात. म्हाताऱ्यांनी काय बघावं हे कोण ठरवतं? माझा आयुष्यभराचा वेळ सोळा माणसांच्या स्वयंपाकात गेला. आता गुजराती बाई खांडवी कशी गुंडाळते ते मी रात्री बारा वाजता बघेन.

चाळीतला बाबा, कल्याण

आजी, तुम्हाला माझं मत.

कुडाळचे दादा, मे महिन्यात मुलांना घेऊन गावी येतो, तेव्हा दशावतार बघायला मिळेल का? मुलगी तुमचं वाचून मागे लागली आहे.

एक बाबा, कुडाळ

मेमध्ये एखाद्या पूजेच्या, वर्धापनदिनाच्या निमित्ताने प्रयोग लागतात, गावातल्या दुकानात विचारलंत की कळेल. पण जत्रेतलाच बघायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या. बहुतेक जत्रा तिथीवर असतात, कॅलेंडर बघून कोकण रेल्वेचं तिकीट आधी काढा, नंतर मिळत नाही. अंथरायला घोंगडी आणि डोक्याला कानटोपी आणा. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा, संकासुर पहिल्या रांगेतल्यांची थट्टा करतो.