मदत हवी आहे: आमदारांच्या संपर्क कार्यालयातल्या मुलांना बोलण्याचं-लिहिण्याचं प्रशिक्षण कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या ठिकाणी एका आमदारांच्या संपर्क कार्यालयाचं काम बघते. पक्ष आणि मतदारसंघ सांगत नाही, कारण प्रश्न सगळ्याच पक्षांच्या कार्यालयांचा आहे. राज्यात विधानसभेच्या २८८ आणि परिषदेच्या ७८ जागा. एवढ्या सगळ्यांकडे रोज माणसं येतात, आणि त्यांच्यासमोर टेबलावर बसलेल्या मुलांना लोकांशी कसं बोलावं हे कुणीच शिकवलेलं नसतं. सरकारी भत्ता मिळतो तो स्वीय सहाय्यक आणि चालकापुरता. बाकीची मुलं कार्यकर्त्यांमधून आलेली. निवडणुकीत बूथ सांभाळला, आता टेबल सांभाळतात. मुलं चांगली आहेत, रात्री उशिराही फोन उचलतात. त्यांच्या हातात काहीतरी नीट द्यावं असं मनापासून वाटतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी आठवडी बाजाराच्या दिवशी. त्यात मोठा वाटा संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांचा. एखादी आजी येते, म्हणते, "बाबा, पैसं बंद झालं." आमचा मुलगा लगेच लेटरहेडवर तहसीलदारांना पत्र काढतो: "सदर लाभार्थ्याचे अनुदान बंद झाले असून योग्य ती कार्यवाही व्हावी." सही, शिक्का, आजी खूश. पण पैसे बंद का झाले हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. आधार बँक खात्याला जोडलेलं नाही का? हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय का? की अर्जच अजून मंजूर झालेला नाही? तिन्हींचा रस्ता वेगळा आहे. पहिल्या बाबतीत तर तहसीलला पत्र देऊन उपयोगच नाही, आजीला बँकेत पाठवायला हवं. महिन्याभराने ती पुन्हा येते, पुन्हा एसटीचं तिकीट काढून, आणि पुन्हा तसंच पत्र घेऊन जाते. हे मला बघवत नाही.

दवाखान्याच्या फोनचं याहून अवघड आहे. नातेवाईक घाबरलेले असतात, पेशंट आयसीयूत असतो, डिपॉझिट मागितलेलं असतं. आमचा मुलगा सरळ दवाखान्याला फोन लावून दरडावतो, "साहेबांच्या ऑफिसमधून बोलतोय." समोरचा माणूस तिथेच मिटतो. खरं तर विचारायला हवं की दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आहे का, धर्मादाय आहे का. धर्मादाय असेल तर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या दरात ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांकडून खर्चाचं अंदाजपत्रक, एवढं नातेवाइकांकडून शांतपणे काढून घेतलं तर निम्मं काम झालं. पण रडणाऱ्या माणसाकडून माहिती काढून घेणं ही कला आहे आणि ती मला शिकवता येत नाही.

नाही म्हणणं हा तिसरा विषय. भरतीत पोराचं नाव लावा, पोलिसांना सांगून गुन्हा मागे घ्यायला लावा, अशा मागण्या रोज येतात. मुलं तोंडावर नाही म्हणत नाहीत, "बघू, साहेबांच्या कानावर घालतो" म्हणतात. समोरच्या माणसाचे महिने त्यात जातात, कधीकधी तो मधल्या दलालाला पैसेही देऊन बसतो. पहिल्याच दिवशी स्पष्ट पण अपमान न करता नकार मिळाला असता तर वाचला असता. माझ्या मते कार्यालयाच्या संवादाची खरी कसोटी इथे लागते.

आणि व्हॉट्सअॅप. लोक आधार, बँक पासबुक, रिपोर्ट सगळं पाठवतात आणि ते गटांमध्ये फिरतं. आजारी माणसाचा धनादेश घेतानाचा फोटो पोस्ट होतो. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरी हे चूकच होतं.

आम्ही एका व्यक्तिमत्त्व विकास प्रशिक्षकांना बोलावून पाहिलं. हस्तांदोलन, देहबोली, स्टेजवर माइक कसा धरावा, शेवटी थोडं इंग्रजी. मुलांना आवडलं, पण टेबलावर काही बदललं नाही. यशदा या पुण्यातल्या सरकारी प्रशिक्षण संस्थेचा भर प्रामुख्याने सरकारी अधिकारी-कर्मचारी आणि पंचायतराज संस्थांवर आहे. उत्तनची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते, पण आमच्यासारखं छोटं कार्यालय बंद ठेवून सगळ्यांना तिकडे नेणं जमणारं नाही. दोन अर्धे दिवस, जागेवरच, मराठीत, आमच्याच प्रकरणांवर, असं काही हवंय.

कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का, दिलंय का? मराठीत सरावाचे प्रसंग किंवा टिपणं आहेत का? आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसला असाल, तहसीलमध्ये, दवाखान्यात किंवा महावितरणमध्ये, तर आमच्यासारख्या कार्यालयांचं काय खटकतं तेही सांगा. रागाने सांगितलंत तरी चालेल.

प्रतिसाद १

ताई, मी महसुलातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. आमदारांची पत्रं टपालात गठ्ठ्याने यायची. बहुतेकांवर काय करायचं तेच कळायचं नाही. अर्जाचा क्रमांक नाही, गट नंबर नाही, एकाच पत्रात फेरफार, शिवरस्ता आणि रेशनकार्ड. ते पत्र अव्वल कारकुनाच्या टेबलावर पडून राहायचं, कारण ते नेमकं कोणत्या संकलनाचं, म्हणजे कार्यालयातल्या कोणत्या विषयाच्या टेबलाचं, हेच ठरत नसे.

प्रशिक्षक शोधण्याआधी एक करा. तुमच्या जावक नोंदवहीतली जुनी पत्रं काढा, नावं झाका आणि मुलांना कारकून बनवून वाचायला द्या. "या पत्रावर तू आज काय करशील?" एवढंच विचारा. उत्तर देता आलं नाही तर त्यांनी ते पत्र तिथेच नव्याने लिहायचं. एक पत्र, एक विषय, आणि शेवटच्या ओळीत नेमकं काय हवंय ते.

दुसरं म्हणजे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुलांना नीट समजावून सांगा. अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेली सेवा असेल तर तिला ठरलेली मुदत असते. मुदत टळली की खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील, त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. माणसाकडे अर्जाची पोच आहे का, हा तुमच्या टेबलावरचा पहिला प्रश्न असायला हवा. मुदत संपलेली नसताना आमदारांचा फोन आला की आमची मंडळी नाराज व्हायची. मुदत टळल्याची तारीख सांगून फोन आला की निमूट फाइल काढायची.

प्रतिसाद २

मी एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे. दरडावणारे फोन मीच घेते, म्हणून लिहिते.

घाबरलेला माणूस सलग सांगू शकत नाही. त्याला मध्येच तोडून "मुद्द्याचं बोला" म्हटलं की तो आणखी भरकटतो. त्याला एक-दोन मिनिटं बोलू द्या, मग त्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे तुमचे वडील काल रात्रीपासून अमुक दवाखान्यात आहेत, बरोबर?" इथे तो सावरतो. मग एकेक प्रश्न विचारा. फोन ठेवताना पुन्हा कधी फोन करणार ते सांगा आणि काम झालं नसलं तरी त्या वेळेला फोन करा. मुलांच्या जोड्या करून याचा सराव घ्या. एकाने नातेवाईक व्हायचं, दुसऱ्याने टेबल, तिसऱ्याने फक्त ऐकून लिहायचं. सरावासाठी खरी प्रकरणं घ्या, पण नावं बदलून.

आम्हाला फोन करताना रुग्णाचं नाव, वॉर्ड आणि कोणती कागदपत्रं तयार आहेत एवढं सांगा. साहेबांचं नाव शेवटी घेतलं तरी चालतं. आणि ज्या रुग्णासाठी मुलगा रात्रभर फोन करत होता तो गेला, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी कुणीतरी बोला. हेही प्रशिक्षणात धरा.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. जुन्या पत्रांचा सराव या आठवड्यातच घेते, आणि जोड्यांचा सराव दुसऱ्या अर्ध्या दिवसासाठी ठेवते. पोच विचारायचा नियम तर उद्यापासून.

एक गाठ मात्र सुटत नाही. मुलाने टेबलावर नीट नकार दिला तरी तोच माणूस आत साहेबांकडे जातो, आणि साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "करू या." बाहेर आल्यावर मुलगा खोटा पडतो. दोनदा असं झालं की तो नकार द्यायचंच सोडतो. साहेबांनी पहिला अर्धा तास मुलांसोबत बसावं असं मला वाटतं, म्हणजे कुठल्या मागण्यांना आत आणि बाहेर एकच उत्तर मिळेल हे सगळ्यांसमोर ठरेल. आपल्या लोकप्रतिनिधीशी हा विषय कुणी काढला आहे का? कसा काढला, तेवढं सांगा.