टूलची मॅन्युअल कशी लावायची, अक्षरानं की कामानं?

सौदेवाला
सांगलीच्या हळद सौद्यांच्या सीएसव्ही फायली (स्वल्पविरामानं रकाने तोडलेल्या साध्या मजकूर फायली) चाळायला आम्ही तिघांनी एक कमांड लाइन टूल बनवलंय. गाळणं, क्रम लावणं, गट करून बेरीज, सगळं मिळून एकोणतीस उपकमांडी. टूल झालं, आता मॅन्युअलवरून भांडण लागलंय.

माझं मत: अकारविल्हे यादी हा लिहिणाऱ्याचा आळस. दिवाणजी विचारतो, "काल राजापुरी हळदीची पोती किती गेली?" त्याला कमांडीचं नाव कुठून सुचणार? आमचं 'युनिक' युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्यासारखंच आहे, लागून आलेल्या सारख्या ओळीच काढतं. आधी 'सॉर्ट', म्हणजे क्रम लावणं, लागतं. यादीत मात्र दोघांच्या मध्ये सहा पानं. परवा नव्या पोरानं नुसतं युनिक चालवून व्यापाऱ्यांची यादी काढली, एकच पेढी चार वेळा. आणि पान वाचलं होतं बरं का त्यानं!

विश्रामबागकर
तुमचं पोर चुकलं म्हणून यादी मोडायची? रात्री साडेअकराला स्क्रिप्ट अडकली की मला 'सॉर्ट'चा एकच पर्याय बघायचा असतो. तेव्हा "माहितीची मांडणी" असल्या गोड नावाच्या प्रकरणात तो हुडकत बसू? आणि गाळणी तुमच्या मते 'निवड'मध्ये, माझ्या मते 'साफसफाई'त. अक्षराबद्दल तरी वाद नाही.

युनिक्सवाल्यांना ही अडचण माहीत होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये पानं अक्षरानंच होती, पण जोडीला फिरती सूची होती: प्रत्येक कमांडीची एका ओळीतली ओळख तिच्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली पुन्हा छापलेली. नाव आठवत नसलं तरी काम आठवून पान सापडायचं. पानं हलवू नका, सूची करा.

हरिपूरचा पाहुणा
अकारविल्हे मॅन्युअल म्हणजे आमच्याकडचं पेव, हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. माल आत उत्तम राहतो, पण काढायला माणूस उतरवावा लागतो, तोही तोंड उघडून हवा खेळू दिल्यावर.

मिरज जंक्शन
दोघंही क्रमावर अडलाय. जेक्यू या जेसन डेटा चाळायच्या टूलची मॅन्युअल एकाच लांबलचक पानावर आहे, शोधलं की सापडतं. क्रम कुणाला आठवतोय?

खरी बोंब उदाहरणांची. मॅन्युअलमध्ये कायम "अ, ब, क" आणि १, २, ३. आमच्या फायलीत अवतरणात "हळद, राजापुरी" असतं, नुसत्या स्वल्पविरामावर तोडलं की सगळे रकाने एक घर सरकतात. दर ९५०० आणि १४२००, संख्या म्हणून न सांगता क्रम लावला तर ९५०० खाली जातं, कारण अक्षर म्हणून १ आधी. असल्या चार खऱ्या ओळी प्रत्येक पानावर टाका, मग क्रम कुठलाही लावा.

सौदेवाला
फिरत्या सूचीचं पटलं, करतो. पण ती इंग्रजी शब्दांवर चालायची. आमचा दिवाणजी 'दुबार' म्हणेल, दुसरा 'डबल', तिसरा 'रिपीट'. तिन्ही शब्द घालायचे तर ती सूचीच मॅन्युअलएवढी होईल.

विश्रामबागकर
होऊ दे. तिन्ही घाला. आणि युनिकच्या पानावर पहिलीच ओळ: "आधी सॉर्ट." ठळक अक्षरात.

सौदेवाला
पहिली ओळ म्हणजे नावाच्याही वर?

विश्रामबागकर
नावाच्या खाली हो! आता यावरनं नवीन धागा काढू नका.