साडेनऊ आठवड्यांचं पिल्लू आणि पार थकलेली मी – सल्ला हवा आहे

अंगणवेल:

झिपरी घरी येऊन आज अकरा दिवस झाले. मिश्र जातीची आहे, साडेनऊ आठवड्यांची. आणायच्या आधी महिनाभर वाचत होते. अंथरूण, वाटी, पट्टा, खेळणी, सगळी तयारी होती. तरीही आज दुपारी न्हाणीघराचं दार लावून मी रडले, आणि ती बाहेरून दारावर नखं घासत कुईकुई करत होती.

रात्री तिचं अंथरूण स्वयंपाकघरात असतं. दिवा मालवला की अर्ध्या तासात रडायला लागते. "जाऊ नकोस, लाडावेल, आपोआप गप्प होईल" असं सगळ्यांनी सांगितलं म्हणून तीन रात्री गेले नाही. ती दीड तास रडली. मी भिंतीच्या अलीकडे जागीच.

शूसाठी बाहेर वीस वीस मिनिटं फिरवते. काही करत नाही. घरात पाऊल टाकलं की लगेच गालिच्यावर.

सगळ्यात वाईट म्हणजे चावणं. संध्याकाळी सात ते नऊ ती वेगळीच कुणीतरी असते. पायांवर झेप घेते, कपडे ओढते, ओरडलं की आणखी चेकाळते. माझे दोन्ही हात ओरखड्यांनी भरलेत. मुलगी सात वर्षांची आहे, पिल्लू हवं म्हणून तिनेच हट्ट धरला होता. आता ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि खाली उतरायला घाबरते.

नवरा सकाळी आठला बाहेर पडतो. मी घरून काम करते, त्यामुळे दिवसभर मीच.

शेवटचं लिहायला जड जातंय. तिला परत द्यावं का? मला ती आवडत नाही असं नाही. पण सकाळी डोळे उघडले की पोटात गोळा येतो.

जुनीपायवाट:

आधी रात्रीचं बोलू, कारण तुमची झोप झाल्याशिवाय बाकीचं काही जमणार नाही.

दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ती आई आणि भावंडांच्या ढिगात झोपत होती. आता अंधाऱ्या खोलीत एकटी आहे. हे लाड नाहीत, ती घाबरते. अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी आणा. उंच कडांचं खोकं किंवा क्रेट (पिल्लाला झोपायचा जाळीचा पिंजरा) असेल तर उत्तम, म्हणजे ती उठून भटकणार नाही. रडली तर हात खाली सोडा, वास आला तरी पुरतं. पुढे दोन-तीन आठवड्यांत तेच खोकं रोज थोडं थोडं दाराकडे सरकवत हवं तिथे नेता येतं. आम्ही तसंच केलं.

या वयाला शू किती वेळ धरता येते याचा ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. तेही जास्तीत जास्त. म्हणजे झिपरीला सुमारे तीन तास. ती रडून उठायच्या आधी तुम्ही गजर लावून उठा. दिवा नको, बोलणं नको, खेळ तर नकोच. उचलून ठरलेल्या जागी न्या, झालं की परत खोक्यात. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर वीस मिनिटांनी पुढे ढकला.

दिवसा तिला शूसाठी फिरवू नका. चालताना पिल्लाला इतके वास येतात की शू करायची हे ती विसरूनच जाते, आणि घरात शांत झाल्यावर तिला आठवतं. पट्टा लावून एकाच जागी गप्प उभ्या राहा, पाच मिनिटं. नाही केली तर आत आणा, पण खाली सोडू नका. दहा मिनिटं मांडीवर किंवा क्रेटमध्ये, आणि पुन्हा बाहेर. केली की तिथल्या तिथे, तिचं आटोपताक्षणी खाऊचा तुकडा. घरात येऊन दिलात तर तिच्या लेखी तो घरात आल्याबद्दल मिळाला.

झोपून उठली की, खाऊन झालं की, खेळ थांबला की, या तीन वेळा कधीच चुकवू नका.

गालिचा महिनाभर गुंडाळून ठेवा. पायाखाली जे मऊ लागतं तिथेच शू करायची सवय फार लवकर लागते. डाग पुसायला एन्झाइमवालं क्लीनर वापरा, अमोनिया असलेलं नको. त्याचा वास शूच्याच वासाशी मिळताजुळता असतो, त्यामुळे ती पुन्हा तिथेच जाते.

निळीशाई:

ताई, सात ते नऊ हे वाचून एकच विचारते. दिवसभरात ती झोपते किती? अंदाज नको, एक दिवस कागदावर लिहून काढा.

अंगणवेल:

लिहून काढलं. रात्र धरून अकरा तास. दुपारी डोळे मिटते, पण मी खुर्चीवरून उठले की मागे येते. मुलगी शाळेतून आली की मग झोप नाहीच.

निळीशाई:

मला वाटलंच होतं. या वयाच्या पिल्लाला अठरा ते वीस तास झोप लागते. तिची निदान सात तासांची झोप रोज बुडतेय. तान्हं बाळ झोपेला आलं की कसं किरकिरतं? पिल्लू किरकिरत नाही, ते चावतं. आपल्याला वाटतं हिच्या अंगात फार मस्ती आहे, म्हणून आपण आणखी खेळवतो आणि ती आणखी बिथरते. माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मी दीड महिना हेच करत होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

उद्यापासून एक तास जाग आणि दोन तास झोप असं चक्र धरा. त्या एका तासात शू, खाणं, थोडा खेळ, थोडं शिकणं. तास संपत आला की ती दमलेली दिसो वा न दिसो, क्रेटमध्ये किंवा आडोशाला, वरून पातळ चादर, चघळायला काहीतरी. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं कुरकुरेल, तेव्हा जवळ बसा. स्वतःहून झोपेल याची वाट बघू नका, कारण तुम्ही हललात की ती उठणार.

आता दातांविषयी. दुधाचे अठ्ठावीस दात असतात, सुईसारखे. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. तोवर चावणं पूर्ण थांबणार नाही. पण दात किती जोरात लावायचा हे ती आत्ताच शिकते. भावंडांत ते शिकवलं जातं, कारण जोरात चावलं की समोरचं पिल्लू खेळ सोडून निघून जातं. तुम्हीही तेच करा. दात लागला की हात झटकू नका, झटकलात की तो पळता उंदीर होतो. हात सैल सोडा, उठा, दारातल्या फळीपलीकडे जा, वीस-तीस सेकंद. परत या, हातात लांब दोरीचं खेळणं घेऊन. दर वेळी आणि घरातल्या प्रत्येकाने असंच करायचं. "आई गं" म्हणून ओरडल्याने काही पिल्लं थांबतात, झिपरी चेकाळते असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तिच्यापुढे ओरडू नका.

लेकीला "झाड हो" हा खेळ शिकवा. पिल्लू अंगावर आलं की हात छातीशी घ्यायचे, गप्प उभं राहायचं, वर बघायचं. पळणाऱ्या मुलाच्या मागे पिल्लू धावणारच, झाडाचा त्याला कंटाळा येतो. आणि दोघींना खोलीत एकटं सोडू नका, दोन मिनिटंसुद्धा नाही. लेक खाली बसेल तेव्हा मधे बुटकं फाटक असू दे. फाटकाच्या अलीकडून ती खाऊ टाकेल, पलीकडून झिपरी घेईल. भीती अशीच हळूहळू जाते.

शेवटचंवळण:

आमच्या घरी चार कुत्री झाली. चावलं की नाकावर एक चापटी आणि घरात शू केली की त्यात नाक घासायचं. वडिलांनी असंच केलं, मीही असंच केलं, आणि सगळी कुत्री शहाणी निघाली. पहिल्यापासून मालक कोण ते कळलं पाहिजे असं माझं मत आहे.

जुनीपायवाट:

मीही पहिल्या कुत्र्याबाबतीत हेच केलं होतं, म्हणून सांगतो. त्याने घरात शू करणं सोडलं नाही, माझ्यासमोर करणं सोडलं. सोफ्यामागे, कपाटाच्या आड. बाहेर पट्ट्याला धरून मी उभा असलो तरी करेना, कारण माझ्यासमोर शू केली की मार बसतो एवढंच तो शिकला होता. पाच मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या माराचा संबंध पिल्लाला लागत नाही. नाकावरच्या चापट्यांनी हात जवळ आला की मान चुकवायचा, पुढे गुरगुरायला लागला. ते निस्तरायला वर्ष गेलं. तुमची कुत्री मुळातच सोशिक असतील. ज्या घरात सात वर्षांची मुलगी आहे तिथे हाताला घाबरणारं कुत्रं नको.

पाणकणीस:

प्राण्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम करते आहे, म्हणून थोडं वेगळं लिहिते.

हातावर ओरखडे आहेत असं लिहिलंय. पिल्लू कुठून आलं, त्याची आई लस दिलेली होती का, हे माहीत नसेल तर जिथे रक्त आलंय किंवा कातडी फाटलीय ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा. मुलीचंही तसंच. लहान पिल्लाला रेबीज होत नाही हा समज चुकीचा आहे. पिल्लाला रेबीजची लस सहसा तीन महिन्यांच्या सुमारास मिळते, म्हणजे झिपरीची अजून व्हायची असणार.

डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या लसीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत देतात. इतके डोस कशाला असं लोक विचारतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करू शकते आणि ती नेमकी कधी संपते हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून शेवटचा डोस चुकवू नका. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पिल्लाचे गोलजंत मुलांना होऊ शकतात, त्यामुळे लेकीला हात धुवायची सवय आत्ताच लावा.

पण लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडूनही ठेवू नका. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याची पुढे सहसा भीती उरत नाही. झिपरीचे त्यातले फार तर चार-पाच आठवडेच उरलेत. कडेवर घेऊन बाहेर बसा. गाड्या, छत्र्या, काठी टेकत चालणारी माणसं, पोरांचा कलकलाट दुरून दाखवा, सोबत खाऊ द्या. जमिनीवर मात्र अनोळखी कुत्री फिरतात तिथे ठेवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

उलट्या, रक्ताची शी, मलूल पडून राहणं किंवा एक दिवस अन्नाला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेला च्युइंगगम आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तिच्या तोंडापासून दूर.

कवडसा:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. मी पिल्लू परत दिलं होतं. चार महिन्यांचं असताना, ओळखीतल्या एका घरी. तिथे ते सुखात आहे आणि मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. पण मी तो दीड महिना झोप न घेता, एकटीने सगळं ओढून, रात्री दोन वाजता घेतला. त्याचं मात्र वाईट वाटतं.

सकाळचा पोटातला गोळा खूप जणांना येतो. त्याचा अर्थ तुमचं प्रेम कमी आहे असा नाही. आज काहीच ठरवू नका. नवऱ्याशी बोला. रात्रीचा एक गजर त्यांचा, आणि संध्याकाळी आल्यावर दोन तास पिल्लू पूर्ण त्यांच्याकडे, तुम्ही दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर. "मदत लागली तर सांग" असं नाही, ते दोन तास त्यांचेच. वरचे सगळे उपाय तीन आठवडे करा. त्यानंतरही गोळा तसाच असेल तर जिथून आणलं त्यांना आधी विचारा, नाहीतर घर नीट बघून द्या. पिल्लू लहान असताना ते सोपं जातं, हेही खरं.

अंगणवेल:

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. डॉक्टरांकडे मी आणि लेक जाऊन आलो, आमची रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. अंथरूण पलंगाशेजारी आणलं. पहिल्या रात्री ती दहा मिनिटं कुरकुरली, मग माझ्या बोटांवर नाक टेकवून झोपली. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. त्याने काही न बोलता पहाटे चारचा गजर स्वतःच्या फोनवर लावला.

अंगणवेल:

तीन आठवड्यांनी लिहितेय. झिपरी साडेबारा आठवड्यांची झाली. झोप सतरा तासांच्या आसपास. संध्याकाळची झेपाझेपी दोन तासांवरून पंधरा मिनिटांवर आली, आणि ती सुरू झाली की आता मी आधी घड्याळ बघते. बहुतेक वेळा झोपेची वेळ टळलेली असते. शू घरात अजून दिवसाआड एकदा होते, तीही माझं लक्ष नसतं तेव्हाच. रात्री एकदाच उठावं लागतं.

लेक फाटकाच्या अलीकडे जमिनीवर बसून तिला वाचून दाखवते. परवा पहिल्यांदा फाटक उघडायला सांगितलं. मी शेजारीच बसले होते. झिपरीने तिच्या पायाचा वास घेतला आणि तिथेच पसरली. लेक पाऊण तास हलली नाही, पाय बधिर झाला तरी.

परत द्यायचं नाही, हे आम्ही तिघांनी ठरवलं.

पुढचा प्रश्न: मला महिन्याभरात आठवड्यातून दोन दिवस चार तास बाहेर जावं लागणार आहे. एकटं राहायला कसं शिकवू? दाराची कडी वाजली तरी ती उठून बसते.

निळीशाई:

मग कडीपासूनच सुरू करा. दिवसातून दहा वेळा कडी वाजवा आणि कुठेही जाऊ नका. तिने मान वर करणं सोडलं की दाराबाहेर पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन. ती रडायच्या आत परत यायचं. पाच मिनिटं शांत राहिली की पुढचं लवकर वाढतं. तरी महिन्याभरात चार तास होतील असं धरू नका. तेव्हा ती चार महिन्यांची असेल, शूही तेवढा वेळ जेमतेम धरेल. पहिले काही आठवडे मधे कुणीतरी येऊन तिला बाहेर नेईल अशी सोय आत्ताच बघून ठेवा. आणि लेकीला सांगा, पाय बधिर झाला तर हळूच काढून घेतला तरी चालतो.